पद्मासन : गुडघे सांभाळून कसं शिकावं

पद्मासन शिकायला येणाऱ्या बहुतेकांची घाई एकच असते : पाऊल एकदाचं समोरच्या मांडीवर चढलं पाहिजे. मग दोन्ही हातांनी पाऊल धरायचं, श्वास रोखायचा आणि ओढायचं. गुडघ्यात कळ आली तर 'सवय नाही म्हणून दुखतंय' असं स्वतःला सांगायचं. योगवर्गात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या वाक्याची. मांडीच्या मागचे स्नायू ताणल्यावर जे दुखतं ते सवयीने कमी होतं. गुडघ्याच्या आत जे दुखतं त्याची सवय करून घ्यायची नसते.

पद्मासन खुब्यातून घडतं. गुडघ्याने फक्त पूर्ण मिटायचं आणि स्वस्थ राहायचं. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीसाठी आहे.

गुडघ्याला इजा होते ती कशी

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा आणि खुबा म्हणजे उखळीचा सांधा, हे सगळ्यांनीच वाचलेलं असतं. खुबा सगळीकडे फिरतो. गुडघा मुख्यतः मिटतो आणि उघडतो. मिटलेला असताना थोडासा वळतो, पण थोडासाच.

पाऊल मांडीवर ठेवायचं तर मांडीचं हाड खुब्यात बाहेरच्या बाजूला भरपूर वळावं लागतं. खुबा अडला आणि पाऊल ओढणं चालूच राहिलं, की उरलेला सगळा पीळ गुडघ्यात जातो. नडगीचं लांब हाड त्या वेळी तरफेसारखं वागतं. पावलाशी लावलेला थोडासा जोर गुडघ्यापर्यंत पोचेतो मोठा होतो.

गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन कूर्चा असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात, घरात आपण 'गादी' म्हणतो. असा पीळ बसला की आतल्या बाजूची गादी दोन हाडांच्या चिमटीत सापडते आणि बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा, लिगामेंट) ताणला जातो. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला चांगला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळजवळ नसतोच. म्हणून तिथली फाट सहजासहजी भरून येत नाही. आखडलेला स्नायू चार दिवसांत सुटतो. फाटलेली गादी पुढची कित्येक वर्षं जिने चढताना आठवण करून देते.

अजून एक गोष्ट वर्गात फारशी बोलली जात नाही. प्रत्येकाचा खुबा सारखा नसतो. मांडीच्या हाडाची मान प्रौढ माणसात साधारण १५ अंश पुढे वळलेली असते. ज्यांची याहून बरीच जास्त वळलेली असते त्यांची पावलं चालताना आत वळतात, आणि त्यांचा खुबा बाहेरच्या बाजूला कमी फिरतो. हा हाडांचा आकार आहे; कितीही वर्षं ताण दिला तरी बदलत नाही. अशा माणसाला पद्मासन आलं नाही तर त्याच्या मेहनतीत काहीही कमी नसतं, आणि शिक्षकाने हे त्याला स्पष्ट सांगायला हवं.

कोणी थांबावं

गुडघ्याची गादी किंवा अस्थिबंध फाटलेला असेल, तिथे शस्त्रक्रिया झाली असेल, गुडघ्यात संधिवात असेल, गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर पद्मासनाच्या वाटेला जाऊ नका. घोटा नुकताच मुरगळला असेल, सायटिकाची कळ पायात उतरत असेल, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल, तरीही नाही. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात आणि ताण कुठे थांबवायचा याचा अंदाज चुकतो. त्या काळात साधी मांडी घालून बसणं पुरेसं आणि चांगलं. लहान मुलं आपणहून मजेत पद्मासन घालतात, घालू द्यावं. पण त्यांचे पाय धरून कोणी मोठ्या माणसाने दाबू नयेत.

आधी स्वतःला तपासा

सतरंजीवर साधी मांडी घालून बसा आणि बाजूने आरशात पाहा. गुडघे खुब्यांपेक्षा वर आहेत का? कंबर मागे ढकलली जाऊन पाठीला पोक येतंय का? दोन्हींपैकी काहीही असेल तर पद्मासन अजून लांब आहे. काही आठवडे फक्त मांडी घालून बसण्याचा सराव करा, तोही घडी घातलेल्या चादरीवर. चादर बुडाखाली ठेवायची, मांड्यांखाली नाही.

दुसरी तपासणी झोपून. पाठीवर झोपा, दोन्ही गुडघे उभे करा. उजवा घोटा डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या थोडा वर ठेवा आणि उजवा गुडघा हळूच बाहेर जाऊ द्या. हाताने दाबू नका. ताण कुठे जाणवतो? कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला खोल जाणवला तर उत्तम, ते खुबा वळवण्याचंच काम आहे. गुडघ्याच्या आत किंवा बाहेर टोचलं तर पाऊल थोडं खाली सरकवा, तरीही टोचत असेल तर सोडा. जांघेत पुढच्या बाजूला काहीतरी चिमटल्यासारखं वाटलं तर तो खुब्यातल्या हाडांचा अडथळा असू शकतो. तो जोर लावून पार करायचा नाही.

खुबा मोकळा करण्याची तयारी

सकाळी उठल्याउठल्या सांधे आखडलेले असतात. पद्मासनाचा सराव अंघोळीनंतर किंवा संध्याकाळी करावा, पोट रिकामं असताना. पाचेक मिनिटं चालून किंवा दोन-चार सूर्यनमस्कार घालून अंग तापवून घ्या.

पहिला प्रकार पाळण्याचा. पाय पसरून ताठ बसा. उजवा गुडघा मिटून पाय दोन्ही हातांत तान्ह्या बाळासारखा उचला : तळपाय डाव्या कोपराच्या आतल्या घडीत, गुडघा उजव्या कोपराच्या घडीत. नडगी छातीला समांतर आणा आणि पाय खुब्यातून सावकाश डावीकडे-उजवीकडे झुलवा. नडगी समांतर येत नसेल, पाऊल खालीच राहत असेल, तर एका हाताने पाऊल आणि दुसऱ्याने गुडघा खालून धरा. पाठ वाकू देऊ नका. इथे पाऊल छातीजवळ येत नसेल तर ते समोरच्या जांघेतही सुखाने बसणार नाही, हे समजून घ्या.

दुसरं बद्धकोनासन, ज्याला मुलं फुलपाखरू म्हणतात. तळपाय एकमेकांना टेकवून बसा आणि टाचा जमतील तेवढ्या जवळ घ्या. बरेच जण गुडघे वरखाली जोरजोरात हापटतात. ते टाळा. मांड्या खुब्यापासून गुडघ्यांकडे लांब होऊ द्या आणि एक-दोन मिनिटं स्वस्थ बसा. गुडघे अधांतरी राहत असतील तर दोन्ही मांड्यांखाली उशा द्या. आधार मिळाला की जांघेतले स्नायू घट्ट धरून ठेवणं सोडतात आणि गुडघे हळूहळू आपले आपण उतरतात. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी चादरी, लोड, पट्टे, लाकडी ठोकळे घेऊन आसनं शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिचं मोल अशा वेळी कळतं. आधार घेतल्याने आसन कमी प्रतीचं होत नाही.

तिसरा प्रकार घरातल्या कामात मिसळणारा. रोज थोडा वेळ जमिनीवर बसा : मेथी निवडताना, पेपर वाचताना, चहा घेताना. पाटावर जेवणाऱ्या पिढ्यांचे खुबे वेगळा व्यायाम न करता मोकळे राहिले. भजनी मंडळात, तंबोऱ्यामागे, कीर्तनाला तास-दोन तास बसणारी साठीतली माणसं आजही सहज मांडी घालतात. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याचे खुबे पंधरा मिनिटांच्या ताणाने मोकळे होतील ही अपेक्षा धरू नये. आणि मांडी घालताना दर वेळी उजवाच पाय वर येतो का, तेही पाहा. बहुतेकांचा एक पाय ठरलेला असतो. तो मुद्दाम बदला.

अर्धपद्मासन : खरं काम इथे आहे

तयारीत काही आठवडे गेले, पाळण्यात नडगी सुखाने छातीजवळ येऊ लागली, की अर्धपद्मासन सुरू करा. ही पायरी मी सावकाश सांगते, कारण बहुतेक दुखापती इथेच टाळता येतात.

घडी घातलेल्या चादरीच्या कडेवर बसा, पाय समोर पसरलेले. बैठकीची दोन्ही हाडं चादरीवर टेकलेली जाणवली पाहिजेत.

उजवा गुडघा पूर्ण मिटा. पोटरी मांडीला चिकटेपर्यंत. ही सगळ्यात महत्त्वाची कृती आहे. गुडघा पूर्ण मिटलेला असला की नडगी आणि मांडी एकत्र हलतात आणि वळण खुब्यात जातं. अर्धवट मिटलेल्या गुडघ्याने पाऊल उचललं की पीळ गुडघ्यात बसतो. पोटरी मांडीला चिकटत नसेल, म्हणजे टाच बुडाजवळ येतच नसेल, तर त्या दिवशी इथेच थांबा.

आता मिटलेला पाय तसाच ठेवून गुडघा उजवीकडे, खाली जाऊ द्या. उजवा हात नडगीखालून आणि डावा हात घोट्याखालून घाला. फक्त बोटं धरून कधीच उचलू नका. बोटं धरली की घोटा मुरडतो.

पाऊल आधी नाभीच्या दिशेने आणा, थेट मांडीवर ढकलू नका. टाच नाभीकडे येत असताना मांडी मुळापासून बाहेर वळतेय का, तिकडे लक्ष द्या. मग पाऊल डाव्या जांघेच्या घडीत ठेवा. टाच पोटाजवळ, पावलाची बाहेरची कड जांघेत, तळपाय वरच्या बाजूला. पाऊल मांडीच्या मध्यावर राहत असेल तर खुबा पुरेसा वळलेला नाही. ते तिथे ठेवून बसणं धोक्याचं, कारण त्या जागेहून नडगीचा पीळ थेट गुडघ्यावर येतो. अशा वेळी पाऊल खाली जमिनीवर घ्या.

आता घोट्याकडे नीट पाहा. बाहेरच्या घोट्यावरची कातडी ताणून चकाकतेय आणि आतल्या घोट्यापाशी सुरकुत्या पडल्यात? मग घोटा मुरडलाय. पावलाची बोटं थोडी पसरा, टाच किंचित पुढे ढकला, म्हणजे पाऊल नडगीच्या सरळ रेषेत येईल. घोटा असा जागा राहिला की गुडघ्याभोवतीचे स्नायूही जागे राहतात आणि सांध्याला राखतात. फोटोत सुंदर दिसणारी सैल, वळलेली पावलं बघून फसू नका.

उजवा गुडघा जमिनीपासून किती वर आहे? टेकला असेल तर छान. मुठीएवढी जागा असेल तर तिथे घडी घातलेला टॉवेल द्या. त्याहून जास्त असेल तर अर्धपद्मासन अजून बाकी आहे, पाळण्याकडे परत जा. गुडघ्यावर हात ठेवून दाबण्याचा मोह प्रत्येकाला होतो. दाबायचं नाही, आणि शेजारच्याला दाबूही द्यायचं नाही.

डावा पाय मिटून उजव्या मांडीखाली घ्या. पाच-सहा सावकाश श्वास बसा. मग पाय बदला. एका बाजूला जमतं आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे नेहमीचं आहे. ज्या बाजूला जमत नाही तिथे थोडा जास्त वेळ द्या. पूर्ण पद्मासनाचा विचार दोन्ही बाजू साधारण सारख्या झाल्यावरच करावा.

पूर्ण पद्मासन

दोन्ही बाजूंनी अर्धपद्मासन एकेक-दोनदोन मिनिटं निवांत जमू लागलं, गुडघा जमिनीला टेकू लागला, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना काहीही जाणवलं नाही, की मगच पुढे. कुणाला यात दोन महिने लागतात, कुणाला दोन वर्षं.

परंपरेने आधी उजवं पाऊल डाव्या मांडीवर घेतात. ते वर सांगितल्याप्रमाणे जांघेत बसवा. डावा गुडघा पूर्ण मिटा. आता धड थोडं मागे झुकवा, म्हणजे डावा पाय उचलायला जागा होईल. डावी नडगी दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, पाऊल उजव्या नडगीच्या वरून नाभीकडे आणा आणि उजव्या जांघेत ठेवा. शेवटचे दोन इंच ओढावे लागत असतील तर ते दोन इंच आज नाहीत.

दोन्ही पावलं बसली की दोन्ही गुडघे एकमेकांच्या थोडे जवळ घ्या. गुडघे फार लांब फाकले की पावलं मांडीवरून घसरतात आणि घोटे मुरडतात. मग धड पुन्हा उभं करा. बैठकीची हाडं आणि दोन्ही गुडघे मिळून तिकोनी पाया होतो. त्यावर कंबर किंचित पुढे कलते आणि पाठीचा कणा आपल्या नैसर्गिक वळणात उभा राहतो. छाती फुगवू नका, खांदे सैल, हनुवटी जरा आत. हात गुडघ्यांवर किंवा मांडीत एकावर एक.

पहिल्यांदा पाच श्वास पुष्कळ झाले. दर आठवड्याला थोडं वाढवा.

मुंग्या आल्या तर

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, बोटाने चाचपलं तर हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्याच खालून, कातडीच्या अगदी जवळून, पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंकडे जाणारा मज्जातंतू वळतो. बसताना तो दाबला गेला की पावलाला मुंग्या येतात, मग बधिरपणा. फार वेळ दाबला तर पाऊल वर उचलेनासं होऊ शकतं. १९७१ साली अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात अशा एका तरुणाची नोंद आहे, जो टाचांवर बसून तासन्‌तास जप करत असे. म्हणून मुंग्या सहन करत बसण्यात तपश्चर्या नाही. पाय मोकळे करा, संवेदना पूर्ण परत येईपर्यंत उभे राहू नका. बधिर पावलावर उठून घोटा मोडून घेतलेली माणसं आहेत.

सोडतानाही तेवढीच काळजी

घालताना सावध असणारे सोडताना निष्काळजी होतात. वरचं पाऊल आधी सोडायचं. नडगी खालून धरून पाऊल उचला, गुडघा मिटलेलाच ठेवून पाय बाजूला आणा आणि मगच सरळ करा. पावलाला झटका देऊन मांडीवरून घसरवू नका. मग दुसरा पाय. दोन्ही पाय पसरून गुडघ्यांची मागची बाजू जमिनीकडे हलकेच दाबा, सोडा, असं काही वेळा. नंतर पायांचा क्रम उलटा करून तेवढाच वेळ पुन्हा बसा. एकाच बाजूने वर्षानुवर्षं बसणाऱ्यांच्या कंबरेत एकीकडे ओढ राहते.

फायदे कोणते, आणि कोणते नाहीत

पद्मासनाचा खरा फायदा स्थैर्याचा आहे. पाया रुंद, कणा सरळ, पाठीच्या स्नायूंना कमी श्रम. ध्यानात गुंगी आली तरी शरीर बाजूला कलंडत नाही. पोट दबलेलं नसल्यामुळे श्वासपटल मोकळेपणाने खाली-वर होतं, म्हणून प्राणायामाला ही बैठक सोयीची. तयारीच्या सरावाने खुबे आणि घोटे मोकळे होतात, आणि जमिनीवरून हात न टेकता उठण्याची ताकद टिकते. उतारवयात ही मोठी गोष्ट आहे.

पोट कमी होतं, गुडघेदुखी बरी होते, मधुमेह जातो, असं सांगून पद्मासन खपवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. गुडघेदुखीत तर ते त्रास वाढवू शकतं. मन शांत होतं ते ध्यानाने आणि संथ श्वासाने. बैठक त्यांना फक्त साथ देते.

आणि ही साथ दुसरी बैठकही देते. पतंजलींच्या योगसूत्रांत एकाही आसनाचं नाव नाही. स्थिर आणि सुखकर ते आसन, एवढंच ते सांगतात. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात श्रेष्ठ चार आसनांत पद्मासन आहे, पण त्यातही सिद्धासनाला पहिला मान आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ध्यानासाठी जी बैठक येते तीही टाच शिवणीशी (गुद आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या भागाशी) दाबून बसण्याची, सिद्धासनाच्या जवळची. तेव्हा ज्यांचे खुबे वळत नाहीत त्यांनी चादरीच्या उंच घडीवर मांडी घालून किंवा सिद्धासनात बसावं, गुडघ्यांना उशीचा आधार घ्यावा आणि निःशंक मनाने ध्यान करावं. गुडघे मुळीच मिटत नसतील तर खुर्चीच्या पुढच्या कडेवर, तळपाय जमिनीला टेकवून, पाठ न टेकता बसता येतं.

दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला तर

सराव झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या आतल्या रेषेवर बोट ठेवल्यावर दुखत असेल, जिना उतरताना किंवा उकिडवं बसताना कळ येत असेल, तर मांडी घालून बसणंही काही दिवस बंद ठेवा. कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला हलकं अवघडलेपण असेल तर काळजी नको, ते एक-दोन दिवसांत जातं. गुडघ्याला सूज आली, तो मध्येच अडकू लागला, पूर्ण सरळ होईना, चालताना निसटल्यासारखा वाटला, किंवा पाऊल वर उचलता येईना, तर तेल चोळत घरी बसू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि नेमकं कुठलं आसन करताना, कुठल्या पायाला, काय झालं ते त्यांना सांगा.